साहेबाच्या देशाचं गवत

मुक्काम उमरावती, कँपातला बंगला
शके १७८६, श्रावण शुद्ध एकादशी

चिरंजीव सौभाग्यवती वच्छलाबाईस तिच्या बापाचा आशीर्वाद.

हिवरखेडच्या शाळेचे गुरुजी तुला हे वाचून दाखवतील. त्यांना माझा नमस्कार सांग आणि माझ्या अक्षराची माफी माग. पंतोजीकडे मी दोनच पावसाळे बसलो. जोडाक्षर आलं की अजून हात अडखळतो.

तुझं पत्र पोचलं. दीड वर्षाने आलं म्हणून आधी कपाळाला लावलं, मग खानसाम्याला न दाखवता गोठ्यामागे जाऊन वाचलं. तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली अशी की विहिरीपाशी तुला काही नवीन लावायचं आहे, तर मडमेचं पांढरं फूल बरं की जावईबुवांनी इथून नेलेलं गवतच राहू द्यावं.

बाई, मी इथे तीन वर्षं दोन्ही सांभाळतो आहे. बंगल्याच्या पायऱ्यांच्या डाव्या हाताला फुलाचा गोल वाफा, उजव्या हाताला गवताचा. तेव्हा मला विचारलंस ते बरं केलंस. मडम त्या फुलाला देजी म्हणते. आपल्या शेवंतीची लहान बहीण समज. पाकळ्या पांढऱ्या, मधोमध हळदीची चिमूट. सकाळी उघडतं आणि सांज झाली की मूठ मिटतं. त्याला काळी माती चालत नाही, बुडाशी पाणी साचलं की संपलं. माती भुसभुशीत करावी लागते, वाळू आणि जुनं शेणखत घालून. कार्तिकात रोप, माघात फूल, चैत्रात मरण. दर वर्षी नव्याने पेरा. पण जिथे लावाल तिथेच राहतं, वीतभर इकडे नाही, तिकडे नाही.

गवताचं उलट. पाणी घालायला नको, खत नको, उन्हाळाभर हिरवं. भादव्यात जांभळट तुरे येतात, वाऱ्यावर हलतात, साहेबाचे पाहुणे गाडीतून उतरल्या उतरल्या त्याच्याकडे बघतात. दिसायला फुलापेक्षा गवतच भारी. पण त्याला कह्यात ठेवावं लागतं. म्हणून माझं ऐकशील तर फूल लाव. गवत काढ. मुळासकट काढ, एक कांडंही आत राहू देऊ नकोस. काढलेलं उकिरड्यावर टाकू नकोस, वाळवून जाळ. हे लवकर कर, पोळ्याची वाट बघू नकोस.

दुसरी गोष्ट. तुमच्या वावरात कुंदा निघाला आणि ते गवत खरंच साहेबाच्या देशाचं होतं का, असं विचारलंस. कुंदा काय, चिवट तण ते, काळ्या मातीत कुठेही निघतं. साहेबाचं गवत वेगळं. हे वाक्य गुरुजींनी दोनदा वाचावं, म्हणजे जावईबुवांच्याही कानावर पडेल.

मला खोकला आहे, पण काळजी करू नकोस. पत्र पोचल्याचं कळव. नाही कळवलंस तर हरवलं असं मी समजेन.

तुझा बाप जयवंता


उमरावती, शके १७८६, श्रावण अमावास्या, पोळा

चि. सौ. वच्छलाबाईस आशीर्वाद.

बाहेर बैलांच्या मिरवणुकीचे ढोल वाजताहेत आणि मी खोलीचं दार लावून बसलो आहे. गुरुजींना सांग, हे पत्र घरात बसून वाचा, चावडीवर नको. जावईबुवा बाहेर गेलेले असले तर बरं.

तुझं पत्र काल आलं. तुझ्याच शब्दांत गुरुजींनी लिहिलं म्हणून ऐकल्यासारखं झालं. जावईबुवा चावडीवर म्हणाले, कुंदा शेजारच्या माणिकबाईच्या धुऱ्या-बांधावरून आला. तिच्या घरात पुरुष नाही, धुरा कोण खणणार? पाटाचं पाणी आधी तिच्या वांग्यांना जातं, मग आपल्या वावरात उतरतं, त्याच पाण्याबरोबर कुंदा आला. पंचांनी ठरवलं की कार्तिकी पौर्णिमेपासून तिचा पाट बंद. त्यावर माणिकबाई उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या वाफ्यात कुंद्याचं एक पातं दाखवा, मी तुमच्यासमोर चावून खातो. नाही दावलं तं तुमी खा!" पंच हसले, आणि निकाल तोच राहिला.

पाट बंद झाला तर तिने काय करावं? दोन बिघ्यांची वांगी-मिरची, त्यावर ती एकटी बाई. तुझ्या पहिल्या बाळंतपणात तिनेच तीन दिवस तुझ्या उशाशी बसून काढले. मी तर उमरावतीतच होतो.

तू शेवटी लिहिलंस, "बाबा, मी तुमाले एकच इचारतो. ते गवत मी माह्या हातानं विहिरीपाशी लावलं. तिथूनच आमचा पाट वावरात जाते. ते काय होतं?"

ऐक. सांगतो.

तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात मडमेला विलायतेहून दोन डबे आले. एकात देजीचं बी, दुसऱ्यात शोभेच्या गवताचं. तिने खानसाम्याकडून मला सांगितलं, पायऱ्यांच्या दोन बाजूंना दोन पेर, वर्षभर बघू, कोणतं जास्त शोभतं ते. कधी पेरायचं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माळ्याने काय विचारायचं? मृग लागला आणि मी पेरलं. आपल्यात मृगाला जो पेरत नाही त्याला लोक आळशी म्हणतात. पुढे नऊ दिवस झड लागली. काळ्या मातीत पाणी तुंबलं. बी वर आलं ते पिवळं, आणि दहाव्या दिवशी बोट लावलं तर मेणासारखं मऊ लागलं. दोन्ही डबे कुजले. थंड मुलखाचं बी थंडीत पेरायचं असतं, हे मला नंतर कळलं.

मडम तेव्हा साहेबाबरोबर चिखलदऱ्याला गेली होती. परत आल्यावर दोन मोकळे वाफे बघून काय म्हणेल, या धास्तीने मला जेवण जाईना. फुलाच्या जागी खोटं फूल कुठून आणू? पण गवत ते गवत. मी उजव्या वाफ्यात इथलंच गवत आणून लावलं. ती आली, बघितलं, टाळ्या वाजवल्या. फुलाचं मी सांगितलं की इथल्या मातीने घेतलं नाही. तिने मुंबईहून दुसरं बी मागवलं, ते कार्तिकात पेरलं आणि फुललं.

तेव्हा साहेबाच्या देशाचं नव्हतं, हे खरं. पण तो पवन्या होता, गुरांचा चारा. पवन्याने वावर बसत नाही, पडीत पडत नाही. जावईबुवांना एवढंच सांग.

तुझा बाप


उमरावती, शके १७८६, आश्विन वद्य द्वितीया

चि. वच्छला,

हे पत्र तू मागितलेलं नाहीस. तुझं उत्तर आलं नाही, आणि ते मला समजलं.

मी अकोल्यापर्यंत येऊन परत गेलो. आठ दिवसांची रजा घेतली होती. या साली सावलीत लवकर पेरलेल्या देजीची तीस रोपं ओल्या गोणपाटात बांधून घेतली. वाटलं, रोपं घेऊन तुझ्या दारात उभा राहीन, मग जे बोलायचं ते तोंडाने बोलेन. लिहिलेलं गुरुजींच्या तोंडून ऐकू येतं, बोललेलं माझं मला बोलावं लागेल. कापसाच्या गाड्यांनी रस्ता उखडला आहे, तीन दिवस हाडं खिळखिळी झाली. अकोल्याला मोर्णेच्या काठी, जिथे गाड्या सुटतात, तिथे तुमच्याकडे जाणारी गाडी शोधत बसलो.

शेजारी एक जण बैल सोडून भाकर खात होता. नाव पंजाबराव. मला ओळखत नव्हता. मी गाव विचारलं तर म्हणाला, हिवरखेड. माझ्या तोंडून आपोआप जावईबुवांचं नाव निघालं, "तिथं खुशालराव म्हणून आहेत ना?"

"हाव ना! बिचाऱ्याचं वावर बसलं, बुवा. कापसाले सोन्याचा भाव, अन् त्याच्या वावरात कुंदा! नांगर घातला का कांड्याचे तुकडे होतात, अन् जितके तुकडे तितके कुंदे. दोन साल कापसावर कापूस घेतला, नांगरत गेला, पेरत गेला, अन् कुंदाच पेरला म्हणा ना."

"आला कुठून?"

"एक रांडाव म्हातारी हाये वरच्या अंगाले, तिच्या धुऱ्यावरून. ते कबूल नाही करत. लय तिखट तोंडाची. पण आता बसली गुपचूप."

"काहून?"

"दसऱ्याले सोनं द्याले निघाली. आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरली. एकानं हात पुढे नाही केला, बुवा. पोरासोरांनीही नाही. शेवटी मारुतीपुढे सगळी पानं ठेवून घरी गेली."

एवढं बोलून त्याने पागोट्यातून दोन पानं काढली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या बुवा, सोनं. मोठ्या माणसाचा आशीर्वाद असू द्या."

मी घेतली, वच्छला. तिच्या हातचं कोणी घेतलं नाही आणि मी दोन्ही हात पुढे करून घेतलं, त्याला आशीर्वादही दिला. तो माणूस माझ्या पाया पडला. तेव्हा त्याला म्हणायचं होतं, बाबा, ऊठ, ती म्हातारी निर्दोष आहे. तोंड उघडलं आणि खोकला आला. खोकला खरा होता, पण तो थांबल्यावरही मी बोललो नाही.

रोपं त्याच्या गाडीत ठेवली. खुशालरावांच्या घरी दे म्हणालो. कोणी दिली विचारलं तर एका माळ्याने, म्हणून सांग. आणि उमरावतीच्या गाडीत बसलो.

तू माणिकबाईच्या हातचं सोनं घेतलंस का? एवढंच मला कळव. घेतलं नसशील तरी मी रागावणार नाही, मला तो हक्क नाही. पण घेतलं असशील तर एक तरी माणूस आपल्या घरातलं सुटलं असं मी समजेन.

जयवंता


उमरावती, शके १७८६, कार्तिक शुद्ध पंचमी

गुरुजींस साष्टांग नमस्कार. हे पत्र पौर्णिमेच्या आत पोचेल अशा हिशेबाने टाकतो आहे. हे माझ्या मुलीला एकटीला वाचून दाखवू नका. पौर्णिमेला चावडीवर पंच बसतील, खुशालराव असतील, माणिकबाईला मुद्दाम बोलवा, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. मागच्या पत्रांत मी जिथे जिथे "घरात वाचा" म्हटलं, ते मी भित्रेपणाने म्हटलं.

तो कुंदा होता.

पवन्या नव्हता, विलायती नव्हता. साहेबाच्या गोदामामागे एक पडीत वावर आहे, कुंद्यानेच पडीत पडलेलं. तिथून मी स्वतः कुदळीने खणून आणला. ओळखून आणला. इतर कुठलंही गवत श्रावणात उपटून लावलं तर जगेल की नाही याची शंका होती, कुंदा मरत नाही हे प्रत्येक वऱ्हाडी माणसाला माहीत आहे, म्हणून आणला.

आता खुशालरावांशी बोलतो. जावईबुवा, गेल्याच्या गेल्या साली माघात तुम्ही कापसाच्या पाच गाड्या घेऊन उमरावतीला आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. फाटकात उभे राहून तुम्ही म्हणालात, "मामाजी, आमाले वाटलं तुमी इथं साहेबाचे घोडे चारून राहिले. तुमी तं राजाचा बाग करून ठेवला!" मला जन्मात कोणी असं म्हटलं नव्हतं. खानसामा आणि घोडेवाला पायरीवर बसून ऐकत होते. मी फुगलो. तुम्हाला दोन्ही वाफे दाखवले. डावीकडे देजी फुलली होती. उजवीकडचं गवत मी कात्रीने टोपीसारखं गोल कापलं होतं. तुरा एकही ठेवला नव्हता, कारण तुऱ्यावर साहेबाचे पाहुणे भाळतात, पण वऱ्हाडातल्या लहान पोरानेही तो ओळखला असता.

तरी तुम्ही वाकलात, एक पातं तोडलं, चावलं आणि म्हणालात, "मामाजी, हे तं कुंद्यावानी लागते."

खानसामा खदखदा हसला. "वाह, जमाईबाबू! मेमसाब के बगीचे में कुंदा ढूंढते हो?"

तेव्हा मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? खानसामा मडमेला सांगता, मडम मला काढून टाकती. माळी दुसरीकडे काम करतो. पण मी म्हणालो, "कुंदा? जावईबुवा, हे जहाजातून आलं. साहेबाच्या देशाचं गवत हाये."

तुमचा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, "माफ करा मामाजी, आमी अडाणी. आमच्या डोळ्याले सगळा कुंदाच दिसते." तुमची जीभ खरी होती. माझ्या शब्दाखातर तुम्ही तिला खोटी ठरवली. मग म्हणालात, "एक गड्डा द्या, वच्छलेले नेतो. बापाच्या हातचं म्हणून लावंल ते." मी नाही म्हणू शकलो असतो. कारण सांगायचीही गरज नव्हती. मी गड्डा खणला, ओल्या गोणपाटात बांधला, वर सुतळीची गाठ मारली. तुम्ही तो कापसावर ठेवू नये, मांडीवर घ्यावा, असंही सांगितलं.

वच्छलाने जेव्हा विचारलं तेव्हा मला लगेच कळलं. तिने तो पाटाच्या तोंडाशी लावला, पाण्याने कांडी वावरात नेली, नांगराने ती वाटली. माणिकबाईचं वावर वरच्या अंगाला आहे. कुंदा तिच्या पाण्याबरोबर उतरला असता तर आधी तिच्याच वाफ्यात निघाला असता. हे पंचांपैकी एकालाही सुचलं नाही याचं मला नवल वाटतं, पण मी कोणत्या तोंडाने बोलू.

अकोल्याहून आल्यावर मडमेला सांगितलं. खानसाम्याने तिच्या भाषेत सांगितलं, आणि सांगताना तो पहिल्यांदा हसला नाही. मडमेने उजव्या वाफ्याकडे बघितलं आणि म्हणाली, गवत सुंदर आहे, राहू दे. तिला दोन वाफ्यांतलं कोणतं शोभतं एवढंच बघायचं होतं, आणि तिच्या मते गवत जिंकलं. मी म्हटलं, मेमसाब, मी काढणार. मग मला नोकरीवर ठेवा नाहीतर ठेवू नका. तिने मान हलवली. ठेवलं की काढलं ते अजून कळलेलं नाही.

तो वाफा एका बाजेएवढा आहे. तो खणायला मला नऊ दिवस लागले. कंबरेइतका खड्डा केला, माती हाताने चाळली, करंगळीएवढं कांडं सापडलं तरी वेगळं काढलं. दहाव्या दिवशी सकाळी बघितलं तर कडेला एक हिरवं टोक वर आलेलं. तेव्हा तुमचं वावर डोळ्यांपुढे आलं आणि मी विटांवर बसून राहिलो.

वच्छलाचा निरोप परवा मिळाला. रोपं पोचली. ती म्हणते, विहिरीपाशी लावली नाहीत, माणिकमावशीच्या वाफ्याच्या कडेने लावली, तिची माती मोकळी आहे म्हणून. आणि दसऱ्याचं सोनं तिने घेतलं होतं. कोणीच घेतलं नाही तेव्हा मागच्या दाराने जाऊन मारुतीपुढची दोन पानं उचलून आणली, सासूच्या भीतीने पदरात लपवली. बाई, तुला लपवावं लागलं ते माझ्यामुळे. ती पानं आज चावडीवर काढ.

मी निघालो आहे. पत्रामागून तीन-चार दिवसांत पोचेन. कुदळ माझी मी आणतो. खुशालराव, तुमच्या घरात मी उतरणार नाही, तुमच्या ताटात जेवणार नाही. विहिरीपासून सुरुवात करीन आणि जिवात जीव आहे तोवर खणीन. माझ्याने तुमचे बारा बिघे होणार नाहीत हे मलाही कळतं. एक बिघाही होईल की नाही, सांगता येत नाही. तुम्ही हाकलून दिलंत तर धुऱ्यावर बसेन. माणिकबाईने हाकललं तर मात्र कुठे बसू ते मला माहीत नाही. तिला म्हणावं, कुंद्याचं पातं चावून खायची शर्त तू पंचांशी लावली होतीस. ती शर्त माझ्यावर आली आहे. मी आल्यावर चावडीपुढे उभा राहून खाईन, तिने मोजून द्यावं.

गुरुजी, इथे थांबा. पुढचं वाचण्याआधी कोणालातरी पाटावर पाठवा आणि माणिकबाईच्या बाजूचं दार उघडायला सांगा. मला शिव्या द्यायच्या असतील, आणि द्यायलाच हव्यात, तर तिच्या वांग्यांच्या शेवटच्या सरीला पाणी पोचेपर्यंत थांबा. ती रोपंही तिथेच आहेत. त्यांच्या बुडाशी मात्र पाणी साचू देऊ नका.

मग माझं नाव वाचा.

जयवंता माळी